नराच्या पोटी गाभोळी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांच्या तळ्यांत रोच जातीचे काही मासे सापडले. एकाच देहात नरही, मादीही. पुढे ट्राउटचे नर पिंजऱ्यात घालून सांडपाण्याच्या तोंडाशी ठेवले, तर त्यांच्या रक्तात अंड्याच्या बलकाला लागणारं प्रथिन भरभरून निघालं. माद्यांची मक्तेदारी संपली.

संशय लगेच बायकांच्या गर्भनिरोधक गोळीवर गेला. पुरुषमंडळींना केवढं हायसं! गोळीचा हात होताच, पण त्या पाण्यात नैसर्गिक स्त्रीसंप्रेरकंही होती, आणि ती पुरुषांच्या लघवीतूनही जातात. यॉर्कशरच्या एअर नदीत तर लोकर धुणाऱ्या गिरण्यांची साबणी रसायनं हाच उद्योग करत होती.

'अहो, पण मात्रा किती नगण्य!' हे पालुपद आलंच. म्हणून कॅनडाच्या ओंटारिओत शास्त्रज्ञांनी एक अख्खं तळंच प्रयोगाला घेतलं. तळं क्रमांक २६०. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं त्यात गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं, लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. फॅटहेड मिनो या चिमुकल्या माशाचे नर बलकाचं प्रथिन बनवू लागले, काहींच्या वृषणात अंडी दिसली, आणि पिल्लं होईनाशी झाली. जेमतेम दोन-चार वर्षं जगणारा हा मासा. त्या तळ्यातून तो जवळजवळ नामशेष झाला. त्याला खाऊन जगणारे मोठे ट्राउटही घटले. डोस थांबवल्यावर काही वर्षांत मिनो परतले, हेही सांगायला हवं. म्हणजे रोगही कळला, पथ्यही कळलं.

सरकारला मात्र वेगळंच कळलं. हे तळं ज्या प्रयोगशाळेचं, तिचा निधी थांबवत असल्याचं २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने जाहीर केलं. ती वाचली, पण दुसऱ्यांच्या पदरात पडून.

आता युरोपचं ऐका. २०२४ च्या नव्या सांडपाणी नियमानुसार असले सूक्ष्म अंश काढण्याच्या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी सोसायचा आहे. २०२५ मध्ये औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. तक्रार अशी की बिल आमच्याच माथी का, घाण इतरही करतात! करतात ना. मग त्यांनाही धरा. पण आधी आपला हिस्सा टाका.