फ्रँकफुर्टवाले काका

आमच्या सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की ती बातमी आधी व्हिसावाल्यांना लागते की फ्रँकफुर्टवाल्या काकांना, हे सांगणं कठीण आहे. बॅग माळ्यावरून खाली यायच्या आत काकांचा निरोप येतो : "संध्याकाळी येऊन जा. वही घेऊन ये."

काका 2006 साली फ्रँकफुर्टच्या पुस्तकमेळ्याला गेले होते. त्या वर्षी भारत मेळ्याचा पाहुणा देश होता, 1986नंतर दुसऱ्यांदा. काका ज्या प्रकाशकांकडे हिशेब लिहायचे, त्यांनी स्टॉलवर बसायला विश्वासाचा माणूस हवा म्हणून त्यांना बरोबर नेलं. त्यानंतर काका कुठेच गेले नाहीत. पण अप्पा बळवंत चौकातलं कुणी ना कुणी ऑक्टोबरात मेळ्याला निघतं, आणि निघण्यापूर्वी काकांसमोर येऊन बसतं. बसवलं जातं, म्हणा.

मोबाइलवर टिपून घेतलेलं त्यांना चालत नाही. "बॅटरी संपली की अक्कल संपली. लिही." मग फाइल उघडते. तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला त्या वर्षीचा गाड्यांचा नकाशा आहे. तो लांबून बघायचा, हात लावायचा नाही.

पहिला धडा गावाच्या नावाचा. "फ्रँकफुर्टं दोन आहेत. एक आपलं, माइन नदीवरचं. दुसरं पार पोलंडच्या हद्दीला. हॉटेलच्या कागदावर 'आम माइन' आहे का बघ. आणि विमान स्वस्त मिळालं म्हणून नाचू नकोस, हान नावाच्या विमानतळावर उतरवतील. नावात फ्रँकफुर्ट, आणि गाव सव्वाशे किलोमीटरवर!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की, त्यांना स्वतःलाच तिथे उतरवलं होतं की काय अशी शंका यावी. विचारायची सोय नाही.

हॉटेलचं गणित मात्र त्यांचं पक्कं आहे. मेळ्याच्या आठवड्यात गावातल्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. म्हणून मुक्काम माइन्झला. एस-आठ नंबरची गाडी माइन्झहून निघते, विमानतळ घेते आणि फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनात आणून सोडते. "शिवाय माइन्झ म्हणजे गुटेनबर्गचं गाव. पुस्तकाच्या धंद्यातल्या माणसाने पहिला नमस्कार तिथे करायचा." मुख्य स्टेशनावरून यू-चार, एकच स्टेशन, की मेळ्याचं दार. दाराजवळ हातात हातोडी घेतलेला काळाकभिन्न पुतळा आहे, त्याचा हात सारखा खालीवर होत असतो. चुकामूक झाली तर सगळ्यांनी 'हातोडीवाल्या'पाशी जमायचं, हा काकांचा नियम. स्टेशनात दांडा आडवा येत नाही म्हणून बिनतिकिटाचं चढायचं नाही; तपासनीस साध्या कपड्यात असतो. मेळ्याच्या तिकिटावर आरएमव्ही लिहिलंय का ते आधी बघायचं. असेल तर गाडीचं भाडं त्यातच आलं.

आता कुणाला वाटेल, मेळ्यात काय करायचं हेही काका सांगत असतील. ते दोन वाक्यांत आटपतं. तिथे पुस्तकं विकायची नसतात, हक्क विकायचे असतात. आणि भेटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या, त्या आधीच ठरवून जायचं. स्टॉलवर आयत्या वेळी गेलात तर लोक गोड हसतात आणि घड्याळ बघतात. संपलं. बाकीचा तास बूट, बाटली आणि पेढे यांचा.

बूट नवे नकोत, दालनं संपता संपत नाहीत. कॅटलॉग घ्यायचा तो एकच, बाकीच्यांचं कार्ड घ्यायचं, "नाहीतर विमानतळावर बॅग उघडून धोतर ठेवू की कॅटलॉग ठेवू अशी पाळी येते." पेढे न्यायचे नाहीत, दुधाचा माल युरोपात घेत नाहीत. चकली न्यावी. माकडटोपी न्यावी. हॉटेलात पाणी मागितलं तर बुडबुड्यांचं येतं, म्हणून आधी "श्टिल" म्हणायचं. हिरव्या सॉसला पुदिन्याची चटणी समजायचं नाही. सात पाल्यांचा असतो, उकडलेल्या बटाट्यांबरोबर छान लागतो. सफरचंदाची वाइन फक्त बघायची.

"मी नाही हो प्यायलो," काका आपणहून म्हणतात.

"प्यायले होते," आतून काकू.

पण खरी रंगत बाटलीच्या प्रयोगाची. काका टीपॉयवर पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवतात. ती चेपायची नाही, लेबल फाडायचं नाही. दुकानातल्या यंत्राच्या भोकात आडवी सरकवायची. (इथे काका चपलांच्या खोक्याला पाडलेल्या भोकात ती सरकवतात.) यंत्र ती गरगर फिरवतं, वाचतं, गिळतं. मग हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी येते. एका बाटलीचे 25 सेंट. "लोक फेकून देतात रे!" हे म्हणताना हिशेबनिसाचा आवाज खरोखर कापतो.

तिथे एकदा रस्ता पूर्ण मोकळा असताना ते लाल दिव्यात निघाले, तर एक म्हातारी पलीकडून खेकसली. भाषा कळली नाही, अर्थ कळला. तेव्हापासून काका टिळक रोडवरही हिरव्या माणसाची वाट बघत उभे राहतात. मागचे लोक त्यांना वळसा घालून जातात.

या सगळ्याचा वैताग येतो, नाही असं नाही. पण त्यांच्या दिवाणखान्यात दोन घड्याळं आहेत. दुसरं फ्रँकफुर्टचं, साडेतीन तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काका स्टुलावर चढून ते आणखी एक तास मागे करतात, कारण तिकडेही त्या दिवशी करतात. कुणी गेलेलं असलं की त्या घड्याळाकडे बघून त्याच्या आईला फोन करतात : "उतरला असेल. आता एस-आठमध्ये बसेल. काळजी करू नका." मुलाचा मेसेज यायच्या आत आईला धीर आलेला असतो.

समोरच्या इमारतीतली एक मुलगी कैक वर्षं फ्रँकफुर्टलाच नोकरीला आहे. दिवाळीला आली होती. काकांनी तिला बसवून विमानतळावरून गावात कसं जायचं ते सांगितलं. ती गुणाची पोर, सगळं ऐकून घेतलं, फक्त म्हणाली, "काका, आता तिकीट फोनवरच काढतो आम्ही."

"तुम्ही राहणारी माणसं," काका म्हणाले, "तुम्हाला गाव दिसत नाही. पर्वती चढलेले पुणेकर किती, सांग बरं?"

गेल्या आठवड्यात माझा भाचा लॉर्ड्सवर कसोटी बघायला निघाला. लंडन काकांनी नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. संध्याकाळी भाचा वही घेऊन खाली उतरताना दिसला.

"त्यांनी बोलावलंय," तो म्हणाला. "बूट दाखवायला आण, म्हणाले."