दुखणं रेड्याला, इंजेक्शन पखालीला

जुन्या अमेरिकन मसल कारचा कार्ब्युरेटर काढून त्या जागी फ्युएल इंजेक्शन बसवणे हे काम कागदावर फार सोपे असते. चार नट सोडायचे, एक वस्तू उचलायची, दुसरी ठेवायची, चार नट आवळायचे. किट विकणारे हे शनिवार-रविवारचे काम असल्याचे सांगतात. ते कोणत्या शनिवारी सुरू करावे हे मालकाच्या हातात असते. कोणत्या रविवारी संपेल याबद्दल कोणीच बोलत नाही.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन कोंबून तयार झालेला प्रकार. 1964 साली पाँटिॲकने आपल्या टेम्पेस्ट गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे व्ही-8 इंजिन बसवून तिला जीटीओ नाव दिले आणि तिथून ही लाट उसळली. पुढच्या विवेचनासाठी 1969 ची शेव्हर्ले शेव्हेल घेऊ: 350 घनइंचांचे इंजिन, कंपनीच्या सांगण्यानुसार 300 अश्वशक्ती, आणि इंजिनच्या डोक्यावर रोचेस्टर कंपनीचा चार तोंडांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरला ना डोळे असतात, ना कान. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो, आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. शेजारच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की तो सुई वर दाबून पेट्रोल बंद करतो. सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला, तर पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये वाहते आणि अख्ख्या गल्लीला वास येतो. सगळा कारभार अंदाजाने चालतो. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा हे पुस्तकातले प्रमाण कार्ब्युरेटरला ठाऊक नसते, पण तो त्याच्या आसपास कुठेतरी असतो. डेट्रॉइटला नीट लावलेली गाडी समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर असलेल्या डेन्व्हरला नेली, की विरळ हवेत तेच जेट जास्त पेट्रोल पाजू लागतात. थंडीत चोक लागतो. उन्हाळ्यात गाडी पाच मिनिटे उभी केली, की वाटीतले पेट्रोल उकळते आणि पुन्हा सुरू करताना स्टार्टर थकतो. चोक ओढत, किक मारत सकाळी स्कूटर तापवलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दुखणे नव्याने सांगायला नको. इथे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर सरकारी हुकमाने निवृत्त झाला. शेव्हेलच्या मालकावर असा हुकूम नसतो. तो हे सर्व स्वखुशीने करतो.

इंजेक्शन ही काही कालची गोष्ट नव्हे. 1957 च्या कॉर्व्हेटमध्ये रोचेस्टरचे यांत्रिक इंजेक्शन मिळत होते. 283 घनइंचांचे इंजिन आणि 283 अश्वशक्ती, असा तोलून काढलेला हिशेब जाहिरातीलाही बरा पडला. पुढच्याच वर्षी क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीचे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन विक्रीला आणले. सुमारे 35 गाड्यांना ते बसवले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांवर नंतर कार्ब्युरेटरच बसवून द्यावे लागले. अमेरिकन रस्त्यावरची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची ही पहिली अदलाबदल अशी उलट्या दिशेने झाली. ती कल्पना पुढे जर्मनीतल्या बॉश कंपनीकडे गेली आणि 1967 मध्ये फोक्सवॅगनमध्ये सुखाने नांदू लागली.

आजच्या मालकापुढे तीन वाटा असतात. पहिली भंगारबाजारातली: 1985 नंतरच्या कॉर्व्हेट किंवा कॅमेरोचे ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन उचलून आणणे. ते स्वस्त पडते. सोबत वायरींचे भेंडोळे आणि त्यातून डोकावणारे, कशाचे ते न कळणारे कनेक्टर फुकट मिळतात. दुसरी वाट अख्खे नवे इंजिनच बसवण्याची. तिथे गिअरबॉक्स, रेडिएटर आणि घरातली शांतता हेही बदलावे लागते. तिसरी वाट सर्वांत रुळलेली: चार तोंडांच्या कार्ब्युरेटरसारखाच दिसणारा थ्रॉटल बॉडीचा किट. त्याच्या पोटात इंजेक्टर, सेन्सर आणि बहुधा कॉम्प्युटरही असतो, आणि वर जुनाच गोल एअर क्लीनर बसतो. म्हणजे एवढा खर्च करून बॉनेट उघडल्यावर काहीच बदललेले दिसत नाही. मालकाला हेच हवे असते.

पहिली अडचण ‘चार नट’ या कलमातच निघते. क्वाड्राजेटची पुढची दोन तोंडे लहान आणि मागची दोन मोठी असतात. किट बहुधा चारही तोंडे सारखी असलेल्या होली कंपनीच्या नमुन्यावर बेतलेला. मग अडॅप्टर आणा किंवा मॅनिफोल्डच बदला. अडॅप्टरने एअर क्लीनर उंचावतो आणि बॉनेट बंद होत नाही.

पुढचे प्रकरण टाकीचे. जुना यांत्रिक पंप 5 ते 7 पीएसआय दाब देतो. नव्या यंत्रणेला बहुधा 58 लागतात. म्हणून पंप विजेचा, नळ्या जास्त दाबाच्या, क्लिपा त्याच तोलाच्या आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी लाइन. इथे जुनी रबरी नळी ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणून ठेवली, तर आगीशी गाठ असते. या एका बाबतीत विनोद बंद. पंप टाकीबाहेर लावला तर तो किरकिरतो आणि तापतो. टाकीत लावला तर पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, पण त्यासाठी टाकी उतरवावी लागते. टाकी उतरली की आत पन्नासेक वर्षांचा गंज दिसतो. नवी टाकी घेताना आत आडवे पडदे असलेली घ्यावी, नाहीतर पाव टाकीवर वळण घेताना पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि गाडी भर चौकात मान टाकते.

त्यानंतर सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर बसवायचा. तो आडव्या रेषेच्या थोडा वर, तिरपा हवा. खाली तोंड केले तर पाइपात साठणारे पाणी त्याचा जीव घेते. हा सेन्सर धुरात उरलेला प्राणवायू मोजून कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. इथवर सगळे आलबेल. पण इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या हेडरचे गॅस्केट फुटलेले असले, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर इमानदारीने कळवतो की प्राणवायू फार आहे. कॉम्प्युटर समजतो की पेट्रोल कमी पडतेय, आणि आणखी ओततो. प्लग काळे पडतात. एखादा सिलिंडर मिस मारत असला तरी तोच प्रकार: न जळलेला प्राणवायू धुरात जातो आणि पेट्रोलचा रतीब वाढतो. दोष गॅस्केटचा किंवा प्लगच्या वायरचा, शिव्या कॉम्प्युटरला. ‘दुखणं रेड्याला, इंजेक्शन पखालीला’ म्हणणाऱ्यांनी शेव्हेल पाहिली नव्हती, पण निदान अचूक केले होते.

वायरिंगची तऱ्हा वेगळीच. कॉम्प्युटरला धन आणि ऋण दोन्ही तारा थेट बॅटरीवरून लागतात. तिसरी तार चावी फिरवल्यावर जागी होणारी, आणि स्टार्टर फिरत असतानाही जागी राहणारी हवी. मालक हौसेने रेडिओची तार पकडतो. चावी फिरवली की डॅशबोर्डखाली सगळे उजळते, मागे पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, चेहऱ्यावर समाधान पसरते. स्टार्टर फिरला की नेमकी हीच तार झोपते. इंजिन घरघरत राहते, धरत नाही. चावी सोडली की पुन्हा सर्व दिवे हजर. हा खेळ बॅटरी उतरेपर्यंत चालतो. त्यात प्लगच्या जुन्या धातूच्या वायरी विजेचा गोंगाट करून कॉम्प्युटरला भलतेच आरपीएम ऐकवतात, त्यामुळे त्याही बदलाव्या लागतात.

शेवटी सेटिंग. हातातल्या छोट्या पडद्यावर कॉम्प्युटर उपवधू मुलाच्या आत्याप्रमाणे चौकशी करतो: इंजिन केवढे, सिलिंडर किती, झडपा उघडणारा कॅम सौम्य की उग्र. मसल कारवाल्याचा कॅम बहुधा उग्र असतो, कारण सिग्नलला उभी असताना गाडीने गदगदा डुलावे ही त्याची हौस. अशा कॅममुळे मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी आणि चंचल राहतो. त्यावरून इंजिनचा भार ओळखू पाहणारा सेन्सर गोंधळतो. गाडी डुलायलाही हवी आणि आयडलिंग स्थिरही हवे, ही मागणी कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेरची आहे. बाकी माहिती तो गाडी चालता चालता स्वतः शिकतो. मात्र व्हॅक्यूमची फुटकी नळी तशीच असली, तर तो त्या फुटक्या नळीसकटच शिकतो.

इतके झाल्यावर मिळते काय? थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारी, उन्हात न रुसणारी, डेन्व्हरला धापा न टाकणारी गाडी. पूर्ण थ्रॉटलची ताकद नीट लावलेल्या कार्ब्युरेटरपेक्षा फारशी वाढत नाही. सुधारतो तो रोजचा वावर.

तात्पर्य, कार्ब्युरेटर सांभाळून घेतो, इंजेक्शन हिशेब मागते. म्हणून आधी प्लग, वायरी, टायमिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या, हेडरचे गॅस्केट आणि अर्थिंग तपासून घ्यावे. एवढे केल्यावर पुष्कळ गाड्या आहे त्याच कार्ब्युरेटरवर सुरळीत चालू लागतात आणि किटचे पैसे वाचतात. त्या पैशांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत. त्या काळच्या बऱ्याच शेव्हेलना चारही चाकांवर ड्रमच होते, आणि 300 अश्वशक्ती सुरू होण्यापेक्षा वेळेवर थांबणे केव्हाही अधिक निकडीचे.