बॉनेटकाका

घाटात बॉनेट वर करून उभी असलेली गाडी दिसली की शहाणी माणसं तिला वळसा घालून पुढे जातात. बॉनेटकाका थांबतात. आपली गाडी नीट कडेला घेतात, मागच्या चाकाला दगड लावतात, शर्टाच्या खिशातून चष्मा काढतात आणि वाफेच्या रोखाने चालू लागतात. चेहऱ्यावर काळजी असते, पण चाल काही काळजीतल्या माणसाची नसते.

"झाकणाला हात लावू नका!" हे ते दहा पावलांवरूनच ओरडतात. जवळ आल्यावर नाव-गाव काही न विचारता पुढचा प्रश्न येतो, "उभी असताना तापते, की पळताना?"

गाडीचा मालक गोंधळतो. मागे मुलं भुकेने कावलेली असतात, बायकोच्या ओठांवर 'मी म्हटलंच होतं' येऊन थांबलेलं असतं, आणि हे गृहस्थ जणू परीक्षा घ्यायला आलेले. तो चाचरत म्हणतो, "अचानकच झालं हो."

काका खेदाने मान हलवतात. "अचानक काही होत नसतं. गाडी महिनाभर सांगत असते. तुमचं लक्ष नव्हतं."

खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड आहे. सिग्नलला उभी राहिली की काटा चढतो आणि वारा लागला की उतरतो, तर पंखा फिरत नाही. फ्यूज, रिले, थर्मोस्विच नाहीतर मोटर, कुणीतरी संपावर गेलंय. उलट गावात गुणी मुलीसारखी वागणारी गाडी हायवेला ऐंशीच्या पुढे तापत असेल, तर पंखा बिचारा निर्दोष. रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा पाणी पुरेसं फिरतच नाही. काकांना हे येतं. त्यांना सगळंच येतं, आणि ते सगळं सांगितल्याशिवाय ते जात नाहीत.

बॉनेटकाका बँकेतून, वीज मंडळातून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. गॅरेजमधून कधीच नाही. ज्याने तीस वर्षं गॅरेजात काढली तो रविवारी दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये डोकावत नाही. आमच्या सोसायटीतल्या काकांची पहिली गाडी म्हणजे फियाट, कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी. तिचा पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरायचा. काटा चढला की न्यूट्रलला टाकून रेस द्यायची, पंखा जोरात, पाणी जोरात, काटा खाली. आता त्यांच्याकडे 1997 सालची मारुती आठशे आहे. तिचा पंखा विजेवर चालतो, इंजिनाने कितीही आरडाओरडा केला तरी तो आपल्याच गतीने फिरतो. पण काका सिग्नलला अजून रेस देतात. शेजारचा रिक्षावाला त्याचा भलताच अर्थ काढून गियर टाकून तयारीत राहतो.

पंधरा वर्षं उलटल्यावर या गाडीची नोंदणी त्यांनी पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेतली आहे. आरटीओतून बाहेर पडताना त्यांची मान इतकी ताठ असते की नोंदणी त्यांचीच वाढवून मिळाली असावी.

गाडीला व्याधी एकच. ती पुण्यात तापत नाही. खंबाटकी घाटही बहुतेक वेळा निभावते. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटाच्या वरच्या वळणांवर मात्र उकळते. दुसरा कोणी असता तर महाबळेश्वरला एसटीने गेला असता. काकांनी तपास हाती घेतला.

पहिला संशयित थर्मोस्टॅट. पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि तापलं की वाट मोकळी करायची, एवढंच त्याचं काम. आत मेण असतं. साधारण 82 अंशांना ते फुगतं आणि वॉल उघडतो. वरचा हौज पाइप चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर वॉल मिटून बसलाय असं समजावं. काकांनी पाइप दाबून पाहिले, समाधान झालं नाही, म्हणून वॉल बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन चहाच्या पातेल्यात उकळला. पाण्याला उकळी फुटायच्या आतच तो डौलात उघडला. काका खूश झाले. काकूंनी पातेलं बाद केलं.

इथे एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगायला हवी. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा आणि "आता बिनधास्त चालवा" म्हणायचं, हा आपल्याकडच्या बऱ्याच मिस्त्रींचा आवडता इलाज आहे. वॉल गेला की इंजिन नीट तापतच नाही, पावसाळ्यात तर काटा जागचा हलत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन लवकर झिजतं. काकांच्या मिस्त्रीनेही तेच सुचवलं होतं. त्यावर काकांनी त्याला मेणाचं प्रसरण समजावून सांगितलं. मिस्त्रीने शांतपणे ऐकलं आणि दुसरी गाडी जॅकवर घेतली.

दुसरा संशयित पंखा. मोटर दुरुस्त करताना वायरी उलटसुलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकतो. काकांनी ग्रिलसमोर विजेचं बिल धरलं. बिल चिकटलं, म्हणजे वारा आत जात होता. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी पंखा 'डायरेक्ट' केला. थर्मोस्विचला वगळून डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण बसवलं. ते बंद करायला विसरल्यामुळे पुढे बऱ्याचदा सोसायटीतल्या तरुण मुलांना सकाळी गाडी ढकलण्याचा व्यायाम घडला.

मग आलं रेडिएटर. काका वर्षानुवर्षं त्यात सोसायटीच्या बोअरचं पाणी भरत आले होते. कूलंटची किंमत ऐकली की "पाणी ते पाणी" असं म्हणायचे. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांना आतून धरतात. कूलंट पाण्याचा उकळबिंदू थोडा वाढवतं हे खरं, पण आपल्या हवेत त्याचं मोठं काम आतला गंज रोखण्याचं. नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्याने टाक्या उकलून नळ्यांतून सळया घातल्या, ज्याला ते लोक रॉडिंग म्हणतात, तेव्हा तपकिरी गाळ निघाला. त्यात मधूनमधून पिवळसर थर होते. ती हळद. जुनी गळती थांबवायला काकांनीच कधीकाळी एका ट्रक ड्रायव्हरच्या सल्ल्याने ती आत घातली होती. हळदीने भोक बुजतं, पण ती भोक आणि नळी असा भेदभाव करत नाही. काकांनी तो गाळ काचेच्या बरणीत भरून ठेवला. आलेल्या पाहुण्यांना लग्नाचा अल्बम नंतर, बरणी आधी.

एवढं सगळं करून मे महिन्यात काका-काकू महाबळेश्वरला निघाले. वाई मागे पडली आणि काकांनी हीटर पूर्ण सुरू केला. हीटर म्हणजे आत बसवलेलं छोटं रेडिएटर, इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये आणून सोडतो. शास्त्र म्हणून उत्तम. काकू रुमालाने गळा पुसत गप्प बसून होत्या. पसरणीच्या वरच्या वळणावर गाडी नेहमीप्रमाणे उकळली.

आता बघे जमले होते, म्हणजे काकांना श्रोते मिळाले होते. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी सुरुवात केली. "समजा, कुकर. झाकण घट्ट, म्हणून आत दाब. दाब म्हणून पाणी उशिरा उकळतं. या रेडिएटरच्या झाकणावर 0.9 लिहिलंय. एवढा दाब धरला तर पाणी शंभरला नाही, 118 च्या आसपास उकळेल. आणि दाबच नसेल, तर वर महाबळेश्वरला, 1,372 मीटर उंचीवर, ते 95 अंशांनाच उकळायला लागतं!"

"अहो," काकू गाडीतूनच म्हणाल्या, "कुकरचं रबर मी दर वर्षी बदलते. तुमच्या त्या झाकणाचं शेवटचं कधी बदललंत?"

"ते ओरिजिनल आहे," काका अभिमानाने म्हणाले. आणि मग बराच वेळ काही म्हणाले नाहीत.

गाडी निवल्यावर त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. रबर कडक होऊन तडकलं होतं. दाब धरणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. खुणाही होत्या. तापल्यावर शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत गेलेलं पाणी गार झाल्यावर परत ओढलं जात नव्हतं. काका ते रोज बघत होते आणि रोज वरून बोअरचं पाणी घालत होते. वाईत एका स्पेअर पार्टच्या दुकानात किरकोळ पैशांत नवीन झाकण मिळालं. त्यानंतर ती गाडी घाटात उकळलेली नाही.

यामुळे काका सुखी झाले असतील असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. काही दिवस ते पार्किंगमध्ये उगाच पाइप दाबत फिरत. मग त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. आता त्यांचा पहिला प्रश्न असतो, "झाकणाचं रबर कधी बदललं?" हा सिद्धांत त्यांना स्वतःला पसरणी घाटात सुचला असं ते सांगतात. काकू जवळ असल्या तर घाटाचं नाव तेवढं घेत नाहीत.

सगळ्यात गंभीर निदान मात्र ते राखून ठेवतात. तेलाची पट्टी काढून बोटावर थेंब घ्यायचा, तो दुधाळ दिसला की आवाज खाली आणायचा. "हेड गॅस्केट." पाणी आणि तेल एकत्र झालंय, हेड उतरवावं लागणार, फेसिंग करावं लागणार. हे ऐकून समोरचा माणूस रस्त्याच्या कठड्यावर बसतो. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. हे प्रसंग त्यांना तोंडपाठ आहेत.

तेव्हा वाचकहो, घाटात काटा वर टेकला तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाईल. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. तेवढ्या वेळात काका येतीलच. ते फी घेत नाहीत, ऐकून घ्या. निदान बहुतेक बरोबर निघतं. दुरुस्ती मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्या, आणि काकू सोबत असतील तर आधी त्यांना विचारा.