तीन मिरच्या, जरा जपून

खाद्ययादीत पदार्थाच्या नावापुढे मिरचीचं चित्र छापायची कल्पना ज्याला सुचली, त्याला चंपाषष्ठीनंतर एकदा जामनेरला भरताला बोलवायचं आहे. एक मिरची म्हणजे सौम्य, दोन म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे पुढची जबाबदारी गिऱ्हाइकाची, असा त्याचा हिशेब. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ झाला, वांगी भाजून झाली, की त्याला बडगीजवळ पाट टाकून बसवू. मुसळीखाली हिरव्या मिरच्या आणि लसूण जाऊ लागला की त्यानं मिरच्या मोजायच्या आणि तेवढी चित्रं काढायची. कागद आमच्याकडून. डोळे पुसायला पंचाही आमच्याकडूनच.

निमित्त पुण्याचं. पगार वाढला म्हणून पुतण्यानं आम्हा दोघांना झकपक मेक्सिकन हॉटेलात नेलं. हॉटेलाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. अंधार इतका की यादी मोबाइलच्या उजेडात वाचावी लागते, भिंतीचा गिलावा पैसे देऊन उडवलेला असतो, कुंडीत निवडुंग असतं आणि पाणी साधं की बुडबुड्यांचं यावर चर्चा होते. हे सगळं वाचकांच्या नजरेखालून गेलेलं आहे. माझी नजर अडकली ती टॅकोच्या नावापुढच्या लाल मिरच्यांवर. तीन होत्या. खाली बारीक अक्षरांत ‘जरा जपून’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ.

मी तेच मागवलं.

काळ्या शर्टातल्या, कानात यंत्र घातलेल्या वेटरनं पेन थांबवलं. ‘सर, इट्स व्हेरी स्पायसी.’ मी म्हटलं, चालेल. ‘आर यू शुअर, सर?’ मी म्हटलं, हो. त्यानं पुतण्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या कागदावर सही नातेवाइकांची घेतात, पेशंटची नाही. पुतण्या म्हणाला, ‘नाना, दोनवालं घ्या ना, उगाच त्रास होईल.’ सूनबाईंनी माझ्या पित्ताची आठवण काढली. आमच्या सौभाग्यवती, ज्यांच्या हातचा ठेचा खाऊन व्याही मंडळींनी एकदा मुक्काम हलवला होता, त्या यादीआडून नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात मॅनेजर आला. त्यानं ॲलर्जी विचारली, याआधी मेक्सिकन खाल्लंय का विचारलं आणि कुठून आलात तेही विचारलं. जामनेर त्याला ठाऊक नव्हतं. जळगाव म्हटल्यावर चेहरा उजळला. ‘ओह, जळगाव! बनाना!’ केळी पिकवणारा माणूस केळीच खात असणार असं त्याच्या मनानं घेतलं असावं, कारण लगेच त्यानं अडीच मिरच्यांवर तडजोड सुचवली. छापील यादीत अडीच नव्हत्या. तो माझ्यासाठी खास सोय करणार होता.

आणीबाणी असल्यासारखे टॅको आले. सोबत वाटीत आंबट साय, पाण्याचा जादा ग्लास आणि हातभर टिश्यूपेपर. पुतण्यानं मोबाइल चालू केला, माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी येताना टिपायला. मी घास घेतला. तळहाताएवढी मक्याची दुमडलेली पोळी, आत चार राजमे, किसलेलं चीज, आंब्याच्या फोडी, कसलासा मधाळ रस आणि वर बरणीतल्या, व्हिनेगरात मुरलेल्या हालापेन्यो मिरचीच्या चकत्या. चकत्या मोजल्या. तीन. तेव्हा उलगडलं की यादीतली ती चित्रं इशारा नव्हतीच. तो मालाचा हिशेब होता.

चव? गोड. पुतण्याचं चित्रीकरण वाया गेलं.

ताट उचलायला आलेला तोच वेटर वाकला आणि कानातलं यंत्र बाजूला सारून हळूच म्हणाला, ‘नाना, इथल्या तिन्ही मिरच्या गोडच राहतात. मी पहूरचा. आमचा डबा हाये आत, पाह्यजे तं चमचाभर आणतो.’ आणला. स्टीलच्या झाकणात, दाण्याचा कूट घातलेला हिरवा ठेचा. झाकणावर चित्र नव्हतं, खाली बारीक ओळ नव्हती, कुणी माझं वय विचारलं नाही. मॅनेजर दुसऱ्या टेबलावर कुणाला तरी एका मिरचीची भीती घालत होता, तेवढ्यात आम्ही दोघांनी झाकण पुसून घेतलं. उरलेल्या दोन टॅकोंना त्यामुळे प्रथमच काही अर्थ आला.

खान्देशी माणसानं तिखटाचा तोरा मिरवू नये, हे मला मान्य आहे. मिरची आपली नाहीच. हजारो वर्षांपूर्वी तिची लागवड सुरू केली ती मेक्सिकोच्या लोकांनी. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात उतरली. तोवर आपले पूर्वज मिऱ्यांवर भागवत होते. म्हणजे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणाऱ्या लाल मिरचीचं आजोळ मेक्सिको, आणि आमच्या बडगीतल्या हिरव्या मिरचीचंही. मग आजोळच्या नावानं चालणाऱ्या हॉटेलात तिची ही गत का? खुद्द मेक्सिकोत रस्त्यावर आंबा कापून देतात तो वर तिखट भुरभुरून, आणि शाळकरी पोरं चिंच-मिरचीच्या गोळ्या चघळतात. तिथला गाडीवाला पोराच्या बापाला बोलावून ‘आर यू शुअर’ विचारत नसावा. बरं, हालापेन्यो म्हणजे काही तोफ नव्हे. अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधतज्ज्ञानं १९१२ साली तिखटपणा मोजायची रीत काढली, तिच्या मोजपट्टीवर हालापेन्यो अडीच ते आठ हजारांत घुटमळते. त्याच मेक्सिकोतली हाबानेरो लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत चढते. स्कोव्हिलची रीतही ऐकण्याजोगी आहे. मिरचीच्या अर्कात साखरेचं पाणी घालत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. पुण्यातल्या हॉटेलवाल्यांनी ही मोजण्याची रीत स्वयंपाकाची कृती म्हणून घेतलेली दिसते.

तरीही ही चित्रांची पद्धत खान्देशात आणावी म्हणतो. प्रगती जामनेरच्या वेशीवर किती दिवस थांबणार? शेवभाजीपासून सुरुवात करू. तर्रीचा रंग पाहता चित्रं यादीच्या समासात मावणार नाहीत, तेव्हा ढाब्याच्या पाटीवरच रंगवून घ्यावी लागतील, म्हणजे ट्रकवाल्यांना लांबूनच दिसून ब्रेक लावता येईल. फौजदारी डाळीपुढे मिरचीबरोबर कलमही छापावं. लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’च्या खाली पंगतीतल्या मिरच्यांची संख्या द्यावी, वरपक्ष पुण्याचा असेल तर ठळक अक्षरांत. भरीत-पार्टीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून शेताच्या बांधावरच संमतिपत्र लिहून घ्यावं, खाली दोन साक्षीदार, त्यातला एक तरी तिखट न खाणारा, कारण शेवटी शुद्धीवर कुणीतरी राहायला हवं. कळण्याच्या भाकरीला चित्र नको, पण तिच्यावर ठेच्याचा गोळा ठेवताना वाढणारीनं ‘आर यू शुअर’ म्हणायचं. आमच्या घरी हा प्रयोग करून पाहिला. सौभाग्यवतींनी गोळा दुप्पट वाढला आणि म्हणाल्या, ‘आता खा.’ ग्राहकसेवेचं हे रूप पुण्यात अजून पोहोचलेलं नाही.

आता थट्टा पुरे.

इशारा द्यायचाच असेल तर जिथं झोंबतं तिथं द्यावा, एवढी साधी अपेक्षा आहे. आणि जिथं खरोखर झोंबतं तिथं चिन्हाचा पत्ता नसतो. त्या टॅकोतली पोळी मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायची मेक्सिकोची जुनी रीत, त्यानं मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं, हे खाद्ययादीत कौतुकानं, अर्धा परिच्छेद खर्चून छापलं होतं. छान. तीन टॅकोंची किंमत ६९५ रुपये. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे किलोला चोवीस. तळहाताएवढ्या तीन पोळ्यांत मका जातो फार तर दोन रुपयांचा. बरं, ते दोन रुपये तरी शेतकऱ्याला मिळावेत! व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठ काढतो, दोन दाणे दाताखाली फोडतो आणि म्हणतो, ‘ओल हाये.’ झालं. तिथून हमीभाव हा आकडा उरतो तो फक्त वर्तमानपत्रात. चौदा टक्क्यांवर ओलावा चालत नाही हे सगळ्यांना पाठ. पण तो मोजायचं यंत्र आहे आणि ते दातांपेक्षा बरं चालतं, हे कुणालाच पाठ नाही. आमच्या गल्लीतली माणसं चोवीसशेच्या कितीतरी खाली मका देऊन मोकळी झालेली आहेत, कारण पुढच्या पेरणीचं बी उधारीवर मिळत नाही. त्या पोत्यावर छापा की मिरच्या! बियाण्याच्या पुडीवर छापा, उगवण झाली नाही तर डोळ्यांतून पाणी येईल म्हणून. पीकविम्याच्या अर्जावर, शेतीपंपाच्या बिलावर, कर्जाच्या कागदातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर छापा. तिथं कुणी मॅनेजर धावत येऊन ‘सर, हे तुम्हाला सोसेल का’ म्हणून विचारत नाही. सोसत नाही हे त्याला माहीत असतं.

आणि मिरचीवाल्याचं काय? बोकड्यानं पानं आकसली की फवारणीवर फवारणी, तोडणीची मजुरी वेगळी, आणि भाव पडला की मजुरीही निघत नाही म्हणून झाडावरच सोडलेला माल आम्ही दरवर्षी बघतो. हाच पुतण्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेताना म्हणतो, ‘मावशी, वरून चार मिरच्या टाका ना.’ ती टाकते. पैसे मागत नाही, मागायची सोयच ठेवलेली नाही. मिरची फुकटच असते असं शहरानं ठरवून टाकलंय. खरी मिरची फुकट मागणारा हा माणूस मिरचीच्या चित्राला ६९५ रुपये देतो आणि वर फोटो काढतो.

शेवटी बिल आलं. चामड्याच्या पाकिटात, बडीशेपेसोबत, साडेपाच हजारांच्या घरातलं. त्यात दहा टक्के सेवाशुल्क. खाताना माझी इतकी काळजी वाहणाऱ्या मंडळींनी त्या ओळीपुढे एक मिरची छापली नव्हती. हे शुल्क गिऱ्हाइकाच्या खुशीचं आहे, बिलात आपोआप घालता येत नाही, असा दंडक २०२२ पासून आहे आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानंही तो उचलून धरलाय. मी म्हटलं, काढायला सांग. पुतण्या कुजबुजला, ‘नाना, बरं दिसत नाही.’ मी म्हटलं, मग ते पैसे त्या पहूरच्या पोराच्या हातात दे, ज्यानं खरी सेवा केली. तर म्हणे तेही बरं दिसत नाही, सिस्टीममध्ये बसत नाही. त्यानं कार्ड टेकवलं, यंत्र वाजलं, विषय संपला. माझा संपलेला नाही. वाचकहो, पुढच्या खेपेला ती ओळ काढायला लावा आणि आवाज जरा चढवूनच सांगा. मॅनेजर आला आणि ‘आर यू शुअर’ म्हणाला, तर हो म्हणा.