पावसाळी मालक

जून लागला की गोव्यातल्या पेडण्याकडे एकेक धंदा पाय पोटाशी घेऊन बसतो. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवून त्यांचे बांबू आणि झावळ्या कुणाच्या तरी मांगरात रचलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जायचे नाहीत, असा सरकारी नियम. तिकडे डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रक ताडपत्री पांघरून दारात उभे. आणि तुळशीच्या लग्नापासून गावोगावच्या जत्रा जागवत फिरलेले दशावतारी कंपन्यांचे पेटारेही घरी जाऊन कोपऱ्यात बसलेले. लावणी असते, चतुर्थीच्या माटोळीची खटपट असते, नाही असं नाही. पण त्यात हात गुंततात, तोंड मोकळंच राहतं. त्या मोकळ्या तोंडांना आमच्याकडे पिढ्यानपिढ्यांचा उद्योग आहे. पुढच्या मोसमात कोणता नट कोणत्या कंपनीत जाणार, त्याला रात्रीचे किती मिळणार आणि त्याचे गुडघे ते सोसणार का, हे आम्ही ठरवतो. नटाला विचारायची पद्धत नाही. कंपनीच्या मालकाला तर नाहीच नाही.

ज्यांनी दशावतार पाहिला नसेल त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण या नाटकाला संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते सांगितलं जातं, मग ज्याने त्याने आपला आरसा घेऊन रंगायला बसायचं. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, ब्रह्मदेव, संकासूर ही मंडळी येऊन जातात आणि मग आख्यान उभं राहतं, ते पायपेटी, पखवाज, झांज आणि नटाच्या जिभेवर. स्टेजवर लाकडी बाकडं एकच. तेच सिंहासन, तोच रथ आणि गरज पडली तर कैलासही तोच. संहितेच्या नाटकात नट सोडून गेला तरी नाटक मागे उरतं. इथे नट गेला की त्याच्याबरोबर त्याचा हरिश्चंद्र जातो, त्याचा दुर्योधन जातो, नारदाशी घातलेले त्याचे सगळे वाद जातात. मागे उरतं ते बाकडं. म्हणून नट कुठे चालला हा प्रश्न आमच्याकडे पावसाच्या अंदाजाइतका गंभीरपणे घेतला जातो, आणि त्याचा अंदाज हवामान खात्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने दिला जातो.

तिठ्यावरच्या हॉटेलात सकाळी पातळ भाजी आणि पाव समोर आला की सुरुवात होते.

"आयकलंस? राजपार्टी बदालता."

"खंय जाता?"

"पलीकडल्या कंपनीत. उचल घेतल्यान."

राजपार्टी म्हणजे राजाचं काम करणारा नट. त्याची आगाऊ उचल किती, हा आकडा चहाबरोबर वाढत जातो. पहिल्या कपाला असलेली रक्कम दुसऱ्या कपापर्यंत दुप्पट होते आणि बिल देताना कोणीतरी म्हणतं की छे, एवढी कोण देणार, त्याचा स्वभावच सोडून जाण्यातला नाही. सांगणाऱ्याकडे बातमी आलेली असते ती नटाच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडून, सातार्ड्याच्या बाजारात. पेडण्याचा माणूस सावंतवाडीच्या बाजूची बातमी आणतो तेव्हा तिला वेगळंच वजन येतं, कारण बहुतेक कंपन्या पलीकडच्या. वेंगुर्ल्याचे पार्सेकर काय, नेरूरचं कलेश्वर काय, गाडी तेरेखोल ओलांडून आली की राज्य बदलतं, प्रेक्षक बदलत नाही. तसं पाहिलं तर आमचा अख्खा तालुकाच एकदा अशा सौद्यात गेलेला आहे. १७८८ मध्ये कोल्हापूरकरांशी झुंजताना सावंतवाडीच्या भोसल्यांना पोर्तुगिजांची मदत हवी होती, आणि तिच्या बदल्यात पेडणे महाल गेला. त्या सौद्यात पेडणेकरांचं मत कोणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्यांच्या सौद्यांवर मत देण्याचा हक्क आम्ही कायमचा राखून ठेवलाय, असा माझा आपला एक तर्क.

पैशाची चर्चा मात्र ऐकण्यासारखी असते. जत्रेच्या दशावताराला तिकीट नसतं. देवस्थान किंवा गाव नाटक ठरवतं, आपण चटई घेऊन जायचं आणि जागा धरायची. फारच रंगात आला तर प्रेक्षक नोट पुढे करतो आणि अमुक तमुक यांच्याकडून अमुक पात्राला बक्षीस, असं माइकवर जाहीर होतं. त्यात देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या नावापेक्षा जरा मोठ्याने वाचलं जावं, ही अपेक्षा असते. म्हणजे वर्गणीची पावती आणि ही एखादी नोट, एवढ्यावर आमचं भांडवल संपलं. पण नटाने रात्रीचे पाचशे जास्त मागितले म्हणे, असं कळलं की असा संताप होतो, जणू ते आपल्याच खिशातून जाणार आहेत. एका पंचायतीतले निवृत्त कारकून आमच्या टेबलावर असतात. हयातभर पगारवाढीचा अर्ज त्यांनी साहेबाच्या टेबलावर ठेवला नाही. ठेवायला गेले आणि साहेब फोनवर होते म्हणून परत आले, असं ते स्वतःच सांगतात. पण खलपार्टीच्या नाईटचा प्रश्न निघाला की ते चष्मा काढून ठेवतात, कागदावर डिझेल, पेटीवाला, पखवाजी, रंगाचा खर्च मांडतात आणि मालकाला काय परवडेल ते काढून दाखवतात. हिशेब चोख असतो. फक्त ज्याचा हिशेब तो माणूस तीस-चाळीस किलोमीटरवर आपल्या शेतात चिखल तुडवत असतो आणि त्याला यातलं काही माहीत नसतं.

जत्रेच्या रात्री आपण नुसते प्रेक्षक. राजा येईल तेव्हा यायचा, मरेल तेव्हा मरायचा. आपल्याला फार तर मध्ये उठून भजी खाण्याचं स्वातंत्र्य. पावसाळ्यात मात्र प्रत्येकाची एकेक कंपनी असते. कागदावर, टेबलावर, पाण्याच्या ग्लासाखालच्या ओल्या वर्तुळांत. पार्सेकरांचा हा घ्यायचा, त्याच्या समोर कलेश्वरातला तो उभा करायचा, बायकांची कामं करणारा पुरुष, म्हणजे स्त्रीपार्टी, तिसरीकडून आणायचा. असल्या कंपनीला दिवाळं कधी निघत नाही.

अमेरिकेत बेसबॉलवाले हाच उद्योग थंडीत करतात. तिथला मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपतो आणि फेब्रुवारीत खेळाडू सरावाला येईपर्यंत शेगडीभोवती बसून कोण कुठे विकला जावा, कोणाला किती डॉलर द्यावेत आणि कोण सुट्टीत किती सुटला, यावर गप्पा चालतात. या गप्पांना तिकडे 'हॉट स्टोव्ह लीग' असं नावही आहे. त्यांच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला सौदा १९१९ च्या डिसेंबरातला. बोस्टन रेड सॉक्सने बेब रूथ हा आपला हुकमी एक्का न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकला आणि पुढे २००४ पर्यंत बोस्टनला विजेतेपदाचं तोंड दिसलं नाही. बोस्टनचा मालक हॅरी फ्रेझी हा मूळचा नाटकांचा निर्माता. नाटकांपायी पैसे हवे होते म्हणून त्याने खेळाडू विकला, असं बोस्टनकर पिढ्यानपिढ्या दात-ओठ खात सांगत आले. ही गोष्ट मी एकदा हॉटेलात सांगितली. वाटलं, हळहळतील. पलीकडच्या टेबलावरून एक म्हातारा म्हणाला, "नाटकासाठी इकलो मां? मगे बरोबर केल्यान!"

आमच्याच टेबलावर क्रिकेटलाही जागा असते, पण दुसऱ्या पंगतीत. तिथे पोरं बोलतात. मुंबईचा अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडून खेळायला आला आणि पहिल्याच रणजी सामन्यात पर्वरीला राजस्थानविरुद्ध १२० धावा काढून बसला, तेव्हा पोरांनी त्याला गोंयकार करून टाकला. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालही मुंबई सोडून गोव्यात येतो म्हणाला. आठवडाभर पोरं जमिनीवर नव्हती. मे महिन्यात त्याने विचार बदलला आणि मुंबईतच राहिला. नोव्हेंबरात आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने अर्जुनला आधीच्याच ३० लाखांच्या बोलीवर लखनौकडे धाडला, त्यावर पोरांचं जेवढं बोलून झालं तेवढं तर खुद्द मुंबई इंडियन्सच्या बैठकीतही झालं नसेल. म्हातारे हे सगळं ऐकून घेतात. यशस्वीचं परत जाणं त्यांना काही नवं वाटलं नाही. उचल घेऊन चतुर्थीनंतर फिरलेले राजे त्यांनी पाहिलेत.

आता तब्येत. हा विषय निघाला की माझा मुक्काम डिचोलीकडे असलेला बरा, कारण तिथे ट्रकवाले भेटतात. खाणी बंद पडल्या, चालू झाल्या, परत बंद पडल्या, त्यात या लोकांनी स्वतःच्या गाड्यांची इतकी निदानं केलीत की माणसाकडेही ते तसेच बघतात. एका गाजलेल्या राजाचं नाव निघालं तेव्हा एकाने भुवया न हलवता निकाल दिला: "तेचे पाटे गेलेत. वर कितीय रंग मार." आता दशावतारातला राजा नुसता बसून बोलणारा नसतो. प्रवेशालाच पखवाजाच्या ठेक्यावर गिरक्या असतात, युद्धाला तलवार घेऊन पुन्हा गिरक्या, आणि मधे तासाभराचा संवाद उभ्याने. हे पहाटेपर्यंत. मग गाडीत डुलकी, आणि रात्री दुसऱ्या गावात तेच. जत्रांच्या भरात सुट्टी कुठली.

एकदा मांडवाच्या मागे मी असाच रेंगाळलो होतो. पिवळ्या बल्बखाली हातभर आरसा ट्रंकेला टेकवून एक नट बसला होता. चेहऱ्यावर सफेदा चढला होता, भुवया काजळाने ओढून झाल्या होत्या, कपाळावर कुंकवाचा नाम होता. वरचा अर्धा भाग पुरता धर्मराज. खालचा मात्र अजून घरचाच होता. गुडघ्यापर्यंत लेंगा सारून तो क्रेप बँडेज गुंडाळत होता, सावकाश, प्रत्येक वेढा ताणून बघत. बामचा वास रंगाच्या वासात मिसळला होता. बाहेर पखवाज सुरू झाला तसा त्याने बँडेजची टाचणी दातांत धरली, लावली, लेंगा खाली ओढला आणि उभा राहून दोनदा पाय आपटून पाहिले. मग गेला. त्या रात्री त्याने घेतलेल्या गिरक्या मी मोजत बसलो नाही, पण शेजारचे दोघे मोजत होते आणि मागच्या साली जास्त होत्या, यावर त्यांचं एकमत होतं. दोघांच्याही मांडीवर रिकामी भज्यांची पुडी होती आणि उठताना दोघांनाही एकमेकांचा खांदा लागला.

स्त्रीपार्टीच्या तब्येतीचा निकाल बायका लावतात, आणि तिथे अपील नाही. आमच्या शेजारची काकी पावसाळ्यात वाल सोलत ओसरीवर बसते. तिला कंपन्यांशी देणंघेणं नाही, नाईटशी तर अजिबात नाही. ती निऱ्या बघते. "पोट निऱ्यांत लपयता तो," एवढंच म्हणाली एकदा, आणि एका नामांकित द्रौपदीचा बाजारभाव आमच्या आळीपुरता कोसळला.

वयाचा वाद गेल्या वर्षी 'दशावतार' सिनेमाने नव्याने पेटवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो लागला. त्यात दृष्टी मंदावत चाललेला, तरी रंगायचं न सोडणारा म्हातारा दशावतारी आहे आणि ते काम दिलीप प्रभावळकरांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी केलं. म्हाताऱ्या पक्षाला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा! तरुण पक्षाचं म्हणणं, सिनेमात रिटेक असतो, जत्रेत एकदा पडला की पडला. म्हाताऱ्यांचं उत्तर, पडला तरी बाकडं धरून उठतो आणि पडण्यावरच एक संवाद टाकतो, त्याला नट म्हणतात. मला स्वतःला म्हातारे बरोबर वाटतात. माझेही केस आता त्यांच्याच बाजूने मत देतात.

ऑगस्टच्या आसपास एखाद्या सभागृहात 'ट्रिकसीनयुक्त संयुक्त दशावतार' लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे नामवंत एका रात्रीपुरते एकत्र आणायचे, धूर सोडायचा, मुंडकं उडवायचं. इथे तिकीट असतं, खुर्च्या असतात. वर्षभर एकमेकांना न भेटणारे राजे समोरासमोर येतात आणि कोण कोणाला खाऊन टाकतो ते बघायला दोन्ही तालुके लोटतात. आम्ही मात्र नाटक बघायला जात नाही, तपासणीला जातो. कोणाचा आवाज बसलाय, कोण जिना चढताना कठड्याला धरतोय, कोण मध्यंतरात कुठल्या मालकाशी बोलत उभा होता. परत येताना गाडीत पुढच्या मोसमाची सगळी यादी नक्की झालेली असते.

यंदा ती यादी अशीच नक्की झाली. राजा ठरला, खलपार्टी ठरला, नारदावर थोडं भांडण झालं पण तोही ठरला. मागच्या सीटवर आमच्यातल्या एकाचा दहा वर्षांचा नातू पेंगत होता, असं आम्ही धरून चाललो होतो. कोलवाळचा पूल ओलांडला तशी त्याने मान वर केली. त्याच्या दृष्टीने सगळ्या रात्रीत बघण्यासारखं एकच असतं, काळा मुखवटा आणि उंच पांढरी टोपी घालून मालवणीत शिव्याशाप देत येणारा संकासूर.

"आबा, संकासूर तोच आसा मां? काय तोय बदाललो?"

गाडीत कोणी काही बोलेना. मुखवट्याआड कोण असतो याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. त्याची कंपनी, त्याचा गुडघा, त्याची उचल, काहीच आमच्या हिशेबात नव्हतं. मग पुढच्या सीटवरून चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. "तेका रात्रीचे कितके दितत," कारकून म्हणाले, "तां आदी काडूक व्हया," आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.