सर्दीसह सातासमुद्रापार : नवशिक्या प्रवाशांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्हाला कणकण आहे, घसा धरलाय, नाक गळतंय आणि परवा तुमचं विमान आहे. काही वर्षांपूर्वी अशा माणसाचं काही खरं नव्हतं. आता घाबरायचं कारण नाही. अमेरिकेने १२ जून २०२२ पासून विमानात बसण्याआधीची कोरोना चाचणी मागणं सोडलं. आपल्या सरकारचा ‘एअर सुविधा’ नावाचा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. तो भरायला भाच्याला हाताशी धरावं लागे, आणि पासपोर्टचा फोटो अपलोड होईपर्यंत भाच्याचे दोन चहा होत. मधे चीन, जपान वगैरे सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी नियम परत आला, तोही फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. परदेशातून उतरणाऱ्या शंभरांतल्या दोघांच्या नाकात काडी घालायचे, तेही त्याच वर्षी जुलैत थांबलं.

तेव्हा आता तुमच्या नाकाचे मालक तुम्हीच. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून पोराकडे दिल्लीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला थेट न्यू जर्सीला निघालेल्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. उद्दिष्टं दोन. स्वतःचं दुखणं सुखरूप पलीकडे पोचवायचं, आणि वाटेत दुसऱ्याच्या दुखण्याला मनापासून घाबरायचं. दोन्ही एकदम जमतं. फक्त सराव लागतो.

१. आधी तिकीट बघा, मग थर्मामीटर.

तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला ताप नाही. तारीख बदलायचे पैसे तिकिटाच्या निम्मे होत असतील तर किंचित कणकण आहे. पूर्ण पैसे परत मिळत असतील, तरच काखेत थर्मामीटर धरायचा विचार करा. बाहेर लोक म्हणतात, आजारी माणसाने प्रवास करू नये. म्हणणारांचं काय जातं? जावयाने सहा महिने आधी तिकीट काढलंय, लेकीचे दिवस भरत आलेत, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतकाढा भरून झालाय. तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. विमान कंपनी समजू शकत नाही.

२. डॉक्टरांना प्रश्न नीट विचारा.

“डॉक्टर, मी प्रवास करू का?” हा नवशिक्यांचा प्रश्न. त्याला “नको” असं उत्तर येण्याचा धोका असतो. जाणता माणूस आत शिरतानाच म्हणतो, “डॉक्टरसाहेब, उद्या निघायचंय, एक कडक इंजेक्शन मारा.” मग डॉक्टर प्रवासाबद्दल बोलतच नाहीत, फार तर गोळ्यांबद्दल बोलतात. पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास टिकतो, त्या हिशोबाने खिशात गोळ्या ठेवा. गोळीने ताप उतरतो. विषाणू तुमच्याबरोबर नेवार्कला उतरतो.

३. दुखण्याला चांगलं नाव द्या.

ऊसतोडीचा हंगाम असेल तर ‘पाचटाचा धूर’. नसेल तर ‘धूळ’. पाऊस असेल तर ‘हवा बदलली’, नसेल तर ‘पाणी बदललं’. विमानतळावर पाऊल ठेवल्यावर ‘एसी सोसत नाही’ हे नाव बाराही महिने चालतं. ही सगळी नावं फक्त स्वतःच्या खोकल्यासाठी आहेत. शेजारी खोकला तर त्याला एकच नाव, आणि तेही हळू आवाजात, बायकोच्या कानात.

४. घरी चाचणी करू नका.

हा मुद्दा जरा सविस्तर घेऊ, कारण इथे चांगले चांगले घसरतात. घरच्या घरी करायचा कोरोनाचा कीट जून २०२१ मध्ये पुण्याच्याच मायलॅबने बाजारात आणला, तेव्हा किंमत २५० रुपये. नाकात काडी फिरवा, नळीत बुडवा, थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा. अडचण ही की पंधरा मिनिटांनंतर तुम्हाला कळतं. कळल्यावर माणूस अडकतो. दोन रेघा दिसल्या तर पुढचं सगळं खोटं बोलावं लागतं. कीटच घेतला नाही तर तेच सगळं निरागसपणे बोलता येतं.

कुणी म्हणेल, पूर्वी तर आपण धावत जाऊन चाचणी करत होतो. करत होतो, पण कशासाठी ते आठवा. २०२० च्या सुरुवातीला आरटी-पीसीआरचा दर साडेचार हजारांपर्यंत होता. राज्य सरकार तो कमी करत गेलं आणि मार्च २०२१ च्या अखेरीला ५०० वर आणला. तरी ‘मला झालाय का’ हे बघायला फार थोडे गेले. बाकीचे कागद आणायला गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात, गोव्याहून महाराष्ट्रात यायला ‘निगेटिव्ह’चा कागद लागायला लागला, तेव्हा रिपोर्ट हातात पडल्यावर लोक आधी तारीख बघायचे. ७२ तासांत बसतंय ना? बसतंय. मग झालं. तिसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला तरी खिशात कागद होता, आणि कागद निरोगी होता.

त्या कागदाचा पराक्रम ऐकून ठेवा, विमानात कुणी वाद घातला तर कामी येईल. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीहून हाँगकाँगला एक विमान गेलं. चढताना सगळ्यांकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट. उतरल्यावर हाँगकाँगवाल्यांनी विलगीकरणात ठेवून पुन्हा तपासलं, तर जवळपास पन्नास जण पॉझिटिव्ह. म्हणजे कागदाने काही थांबत नव्हतं, असा युक्तिवाद तुम्ही करू शकता. त्यावरून ‘म्हणून आता खोकत जायला हरकत नाही’ इथपर्यंत उडी मारायची. उडी लांब आहे, पण सगळे मारतात.

५. विमानतळापर्यंत संसर्ग नसतो.

तीर्थपुरीहून काळीपिवळीत बसा. मागच्या बाकावर चौघांच्या जागी सहा जण, मांडीवर पोरगं, पोराच्या नाकाला शेंबूड, काचा बंद. इथे मास्क लावू नका, लोक हसतील. आणि लावायचं कारणही नाही. राज्यातली मास्कसक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला उठली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे घनसावंगीचेच आमदार होते, त्यामुळे आपल्याकडे तो निर्णय घरच्यासारखा पाळला गेला. खरं सांगायचं तर निघायच्या आधीपासूनच पाळला जात होता.

विमानातली सक्तीही १६ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ‘लावलेला बरा’ एवढाच सल्ला उरला. तरी चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरताच वरच्या खिशातला मास्क काढून झटका आणि लावा. दारावरचा जवान ओळखपत्र हातात घेऊन म्हणेल, “मास्क खाली करा, चेहरा दाखवा.” खाली करा. पुन्हा वर घेऊ नका. हनुवटीवर छान बसतो.

६. वरचं भोक लगेच बंद करा.

सीटवर बसलात की डोक्यावर गोल फिरणारं हवेचं भोक असतं. त्यातून येणारी हवा निम्मी बाहेरची आणि निम्मी गाळलेली असते. गाळण्या अशा की ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडतात. तासाला वीस ते तीस वेळा केबिनची हवा बदलते. वरून येते, त्याच रांगेत पायाशी खाली जाते, लांबवर फिरत नाही. अख्ख्या प्रवासात तुमच्या बाजूने काम करणारी ही एवढी एकच गोष्ट, आणि ती फुकट आहे.

म्हणून ती आधी बंद करा. “वारा लागतोय” असं म्हणून नॉब करकचून फिरवा. मग कानटोपी घाला, वरून मफलर, मफलरवरून विमानवाल्यांची ब्लँकेट. नंतर पुरचुंडीतला ओवा हुंगा. पाच रांगांपर्यंत वास गेला की सगळ्यांना कळतं, तुम्हाला काय झालंय. बोलावं लागत नाही.

मधली सीट मिळाली म्हणून कुरकुरू नका. जून २०२० मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने मधली सीट शक्यतो रिकामी ठेवा, नाहीतर तिथल्या माणसाला अंगभर गाऊन द्या, असा आदेश काढला होता. लग्नाला निघालेली माणसं ऑपरेशन थिएटरच्या वेषात बसायची. आता दोन्ही कोपर तुमचे आणि दोन्ही बाजूंचे श्वासही तुमचे.

७. खोकला कुठे सोडायचा.

उड्डाणाच्या वेळी इंजिनाचा आवाज टिपेला पोचतो, तेव्हा. कॅप्टन इंग्रजीत हवामान सांगत असतो, तेव्हा. शौचालयात फ्लशचं बटण दाबल्याबरोबर. ही सर्वोत्तम जागा, पण बाहेर रांग असते. एरवी ढास लागली तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करा. डबीत ज्येष्ठमध, खडीसाखर, दोन लवंगा ठेवा. तरीही डोळ्यांत पाणी येऊन हवाईसुंदरीने “आर यू ओके सर?” विचारलं, तर घशाकडे बोट करून “लवंग, लवंग” म्हणा. तिला कळत नाही. ती पाणी आणते.

८. दुसऱ्याचा खोकला.

इथे तुम्ही निसर्गतःच प्रवीण आहात. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मागच्या रांगेत कुणी एकदा खाकरलं की मान पूर्ण वळवा आणि तीन सेकंद टक लावून बघा. मग हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवा. सॅनिटायझर काढून हात चोळा. विषाणू श्वासातून येतो हे तुम्हाला माहीत आहे, पण श्वास चोळता येत नाही.

महागड्या तिकिटाने धीर येत असेल तर तो सोडा. १ मार्च २०२० ला लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात बिझनेस क्लासमध्ये घसा दुखणारी, खोकणारी एक बाई होती. नंतर त्या विमानातले पंधरा जण बाधित निघाले, त्यांतले बारा तिच्याच बिझनेस क्लासमधले. मागे कोंबून बसलेल्यांतले दोनच. गरिबाच्या बाजूने लागलेला असा निकाल दुर्मीळ, म्हणून सांगितला.

९. उतरताना.

चाकं टेकली की उठा. दार उघडायला वीस मिनिटं असतील तरी उठा. विमान उभं राहिलं की हवेचा तो कारभारही अनेकदा मंदावतो, तेव्हा नेमकं सगळ्यांनी मधल्या वाटेत एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभं राहायचं असतं. लाडवांची बॅग वरून काढताना पुढच्याच्या डोक्यावर खोका.

१०. पोचल्यावर.

नातवाला लगेच घ्या. तिसऱ्या दिवशी लेक शिंकली, चौथ्या दिवशी जावई झोपला, की गावाकडच्या ग्रुपवर लिहा : ‘विमानात मागं एक जण सारखा खोकत होता, आम्हाला तेव्हाच शंका आली.’ खाली हात जोडलेले पंचवीस येतील.

परतीची चिंता नको. मार्च २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून आलेल्यांसाठी गावोगाव रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या, डाव्या हातावर ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का बसत होता, शाळेच्या खोल्यांत चौदा-चौदा दिवस माणसं काढत होती. आता चॉकलेटं वाटायला घरोघर जा. “जरा घसा बसलाय” म्हणालात तर समोरचा विचारेल, “तिकडं थंडी लई असेल ना?” असते म्हणा.

नेहमी येणारी एक शंका.

“शेजारी मास्क लावलेला माणूस आला तर काय करावं?” फार सावध राहा. अख्ख्या विमानात आपण आजारी असू शकतो हे कबूल करणारा तो एकटाच आहे, म्हणजे तोच धोकादायक. बटण दाबून सीट बदलून मागा. ते तुम्हाला मागे नेतील, उघड्या तोंडाने नाक ओढणाऱ्या दोघांच्या मधे. तिथे खुशाल बसा, भोक बंद करा आणि गोळीची वेळ चुकवू नका.