थकीत अध्याय

बायबलात १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षाअखेर सगळं पवित्र शास्त्र वाचून होतं, वर दोन-तीन दिवस आजारी पडायलाही सवड राहते. आमच्या पाळकसाहेबांनी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत हा हिशेब मांडला आणि चौकटी आखलेला एकेक तक्ता सगळ्यांना वाटला. एक अध्याय वाचला की एका चौकटीत खूण. हिशेबाची गोष्ट निघाली की मला राहवत नाही. उभा जन्म बँकेच्या वसुली खात्यात गेलेला. थकबाकी म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

मार्चपासून मी स्वतःच थकबाकीदार झालो.

उत्पत्ती झरझर गेलं. भावाभावांतली भांडणं, विहिरींवरून तंटे, वाटणीत फसवणूक. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात परकं असं काहीच नव्हतं. निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत मी तक्त्याच्या पुढे होतो. मग निवासमंडपाचे पडदे, आकडे, खांब आणि खुंट्या सुरू झाल्या. त्यांतून कसाबसा बाहेर पडतो तो लेवीय उभं! अर्पणं, चरबी, गुरदे आणि पुन्हा चरबी. ‘हे जरा निवांत वाचू’ म्हणून ते पुस्तक मी बाजूला ठेवलं. निवांत फेडतो म्हणणारे कर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

भरपाईसाठी मग मी स्तोत्रसंहितेत शिरलो. ११७ वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे. चहा उकळेपर्यंत वाचून होतं आणि चौकट मात्र पुरी मिळते. त्याच्या पुढेच एक घर सोडून ११९ वं बसलं आहे, वचनं १७६, चौकट तीच एक. अध्याय पाडण्याचं श्रेय तेराव्या शतकातल्या स्टीफन लँगटनला देतात. पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला म्हणून बरं. आमच्या शाखेत असता तर हप्ते असे पाडल्याबद्दल मी त्याला मेमो काढला असता.

रात्रीचं वाचन करून पाहिलं. पहिल्या इतिहासाचे आरंभीचे नऊ अध्याय म्हणजे नुसती वंशावळ. एस्तेरच्या पुस्तकात राजा अहश्वेरोशाला झोप येईना म्हणून त्यानं दरबारची बखर वाचायला लावली, आणि त्यातून मर्दखयाचे विसरलेले उपकार वर आले. माझ्या बाबतीत बखर उघडली की मीच खाली जाई. सकाळी उशीवर चष्मा आणि चष्म्याखाली तक्ता. खूण आधीच केलेली.

असे वार्षिक तक्ते नवे नाहीत. स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरी मॅकचेन यानं १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला होता. जुना करार वर्षातून एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो पुढच्याच वर्षी एकोणतिसाव्या वर्षी वारला, पण तक्ता अजून चालू आहे. भला माणूस, त्यानं तक्त्यातले धोकेही सांगून ठेवले होते. वाचन नुसता उपचार होईल, अंगात धार्मिकपणाचा ताठा येईल, लक्ष न देता पानं उलटली जातील, आणि काहींना हे जू पेलणार नाही. चार धोके. मी एकही वाया जाऊ दिला नाही. आणि आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून एकहाती अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, मुक्ती मिशनमधल्या बायका त्याचे खिळे जुळवत होत्या. १९२२ मध्ये बाई गेल्या, १९२४ मध्ये छपाई पुरी झाली. मला आयतं छापलेलं जड होत होतं.

आमच्या हिचं वाचन तक्त्यात बसत नाही. सकाळी एक उतारा, बोट ओळीखाली धरून. अध्याय अर्धा राहिला तर अर्धा. मी तिला जानेवारीत पद्धत सुधारायला सांगून पाहिलं होतं. तिनं ऐकून घेतलं.

जुलैत आमच्या ठाण्याच्या घरी कॉटेज मीटिंग ठरली. हॉलच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. वरच्या काकांचं बाथरूम गळतं की सोसायटीची पाइपलाइन, हा वाद सोसायटीच्या तीन सेक्रेटऱ्यांना पुरून उरलेला. ओलीवर हिनं मंडळीचं कॅलेंडर लावलं. वीस-बावीस माणसं, गाणी झाली, आणि पाळकसाहेब म्हणाले, “काका, वाचनभाग तुम्ही घ्या, तुमच्या आवडीचा.”

तक्त्यात पहिली मोकळी चौकट होती लेवीय १४. म्हटलं वाचन होईल, खूणही होईल, एका दगडात दोन पक्षी. त्या अध्यायात खरोखरच दोन पक्षी लागतात, हे मला अजून कळायचं होतं.

पहिली बत्तीस वचनं महारोग्याच्या शुद्धीकरणाची. लोक शांतपणे पेंगत होते. तेहतिसाव्यापासून विषय बदलतो आणि भिंत येते. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले तर घरधन्यानं याजकाला वर्दी द्यायची. याजकानं घर रिकामं करवायचं, डाग खोल गेलाय का बघायचं आणि सात दिवस घर बंद ठेवायचं. माझा आवाज हळूहळू बसत गेला. समोर केडगावच्या आक्का होत्या, वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर रोज वाचणाऱ्या. मी तेहतिसावं सुरू करायच्या आधीच त्यांनी खुर्ची कॅलेंडरकडे वळवली होती.

डाग पसरला तर दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून सगळं खरवडायचं, नवा गिलावा करायचा, एवढं होईस्तोवर अख्खी मीटिंग भिंतीकडे बघत होती. कोणाच्या तरी नातवानं कॅलेंडर उचललं.

“हिरवट आहे,” तो म्हणाला.

“तांबूसही आहे खालच्या अंगाला,” आक्का म्हणाल्या. “खोल गेलंय का बघा.”

सिव्हिल इंजिनिअर असलेल्या एका तरुणानं पेननं टोचून पाहिलं. गिलाव्याचा पोळपाटाएवढा पोपडा चिवड्याच्या ताटात पडला. मी वाचतच होतो. थांबलो असतो तर चौकट अर्धी राहिली असती.

“अहो, पुढे घर पाडायला सांगितलंय,” ही हळूच म्हणाली. तिला माहीत होतं.

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. याजक म्हणून निकाल द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. ते उठले, भिंतीला हात लावला, हुंगला आणि म्हणाले, “हे वरच्या बाथरूमचंच आहे.” मग प्रार्थनेत त्यांनी वरच्या काकांना नाव घेऊन आठवलं.

चपला घालताना त्यांनी विचारलं, “काका, उद्याचा भाग कोणता?”

मी पान उलटलं. लेवीय पंधरा. चार ओळी वाचल्या आणि मिटलं.

“तो घरीच वाचा,” आक्का जिन्यावरून म्हणाल्या. “दार लावून.”